विश्लेषण : माथेरानची ‘राणी’ कुणाच्या पैशातून धावली? कोण होते सर आदमजी पीरभॉय?

छत्रपती संभाजीनगरहून मुंबईला जाताना इगतपुरी मागे पडली की कसारा घाट सुरू होतो आणि डब्यातले मोबाइल खिडकीबाहेर वळतात. त्याच मार्गावर कल्याणला उतरून लोकलने नेरळ गाठले, की याहून कितीतरी अवघड चढ चढणारी छोटी गाडी भेटते. ही गाडी सरकारने नव्हे, तर एका व्यापारी कुटुंबाने स्वतःच्या पैशातून उभी केली.

आदमजी कोण होते?

आदमजी पीरभॉय यांचा जन्म १८४६ मध्ये काठियावाडातील धोराजीचा. दाऊदी बोहरा समाजातील हे कुटुंब गरीब होते. मुंबईत त्यांची सुरुवात रस्त्यावर काडेपेट्या विकण्यापासून झाली. पुढे ब्रिटिश लष्कराला तंबू पुरवण्याच्या कंत्राटांतून त्यांचे नशीब पालटले. मग कापड गिरणी आली, धारावीत कातडी कमावण्याचा कारखाना आला. १८९७ मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले. चर्नी रोडजवळ त्यांनी गरिबांसाठी आरोग्यधाम उभारले.

माथेरानला रेल्वे का हवी होती?

१८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानला पोहोचले आणि मुंबईकरांना हवापालटाचे ठिकाण मिळाले. मात्र नेरळपासून वर जायचे तर घोडा, पालखी किंवा स्वतःचे पाय, एवढेच पर्याय होते. पैसेवाल्यांची सोय व्हायची. म्हातारे, आजारी आणि सामान्य माणसे खालीच राहायची. पीरभॉय कुटुंबाचे माथेरानला जाणे-येणे होते. आदमजींचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी रेल्वेचा ध्यास घेतला आणि वडिलांनी तिजोरी उघडली.

काम किती अवघड होते?

१९०४ मध्ये काम सुरू झाले. नेरळ ते माथेरान ही सुमारे साडेसातशे मीटरची चढाई आहे. कसारा आणि बोरघाटात जास्तीत जास्त चढ ३७ मीटरला १ मीटर आहे. इथे तो २० मीटरला १ मीटर आहे. सरळ रेषेत गाडी चढणे शक्यच नव्हते. त्यामुळे रूळ डोंगराच्या कडेने नागमोडी फिरवत मार्ग सुमारे २१ किलोमीटर लांबवण्यात आला. रुळांमधले अंतर फक्त २ फूट ठेवले, म्हणजे तीव्र वळणे घेता येतात आणि डोंगरही कमी फोडावा लागतो. पूर्ण मार्गावर बोगदा एकच आहे. जर्मनीहून आणलेल्या वाफेच्या इंजिनांची टोकाची चाके वळणानुसार थोडी सरकू शकत. खर्च आला सुमारे १६ लाख रुपये. मार्च १९०७ मध्ये गाडी सुरू झाली.

स्कॉटलंडची आठवण का?

डोंगर, दऱ्या आणि खिडकी म्हटले की आज अनेकांना स्कॉटलंडचा फोर्ट विल्यम ते मालेग हा मार्ग आठवतो. ग्लेनफिनानचा २१ कमानींचा पूल चित्रपटांमुळे जगभर पोहोचला. तो मार्ग माथेरानच्या सहा वर्षे आधी, १९०१ मध्ये खुला झाला. किनाऱ्यावरची मासळी बाजारात पोहोचवणे हा त्याचा मोठा उद्देश होता आणि त्याला ब्रिटिश सरकारची आर्थिक हमी होती. माथेरानच्या गाडीमागे भांडवल होते ते एका घराचे.

श्रेय कुणाचे?

१९०७ हे वर्ष आदमजींसाठी मानाचे ठरले. त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. डिसेंबरमध्ये कराचीत भरलेल्या मुस्लिम लीगच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. १९१३ मध्ये त्यांचे निधन झाले. रेल्वेच्या गोष्टीत बहुतेकदा त्यांचेच नाव घेतले जाते. पण डोंगरात प्रत्यक्ष राबले ते अब्दुल हुसेन आणि नावे न नोंदली गेलेले शेकडो मजूर. पैसा वडिलांचा आणि मेहनत मुलाची, असे म्हटले तर दोघांनाही न्याय मिळतो.

आज काय स्थिती आहे?

ही गाडी आता मध्य रेल्वे चालवते. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला आणि २००७ मध्ये, शताब्दीच्या वर्षी, पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसात तो पुन्हा खचला. नेरळहून गाडी सुटायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. दर पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज टप्पा बंद ठेवावा लागतो. वरचा अमन लॉज ते माथेरान टप्पा मात्र शटल सेवेने सुरू राहतो.

डागडुजीचा खर्च मोठा आणि प्रवासी क्षमता कमी, त्यामुळे ही गाडी परवडते का, हा प्रश्न अधूनमधून उठतो. पण माथेरान हे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि पर्यटकांच्या मोटारींना गावात प्रवेश नाही. अमन लॉजजवळच्या दस्तुरी नाक्यावर गाड्या थांबतात. तिथून पुढे ज्यांना चालवत नाही, त्यांच्यासाठी ही छोटी रेल्वे आजही मोठा आधार आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी पीरभॉय पिता-पुत्रांनी ती बांधायला घेतली, तेव्हाचे कारणही हेच होते.