विश्लेषण : ‘ड्राय पोअर’ काँक्रीट किती भरवशाचे? पाण्याचे गणित मांडणाऱ्या डफ अब्रम्स यांची गोष्ट

हिंजवडी, माण, मारुंजीच्या रस्त्यांवर आरएमसीचे मिक्सर रोजचेच. पण घरामागे दुचाकीपुरता चौथरा करायचा असेल, तर मिक्सर बोलावणे परवडत नाही. मग मोबाइलवर ‘ड्राय पोअर’चे व्हिडिओ खुणावतात. सिमेंट, वाळू, खडी कोरडीच चौकटीत ओता, फळीने सपाट करा आणि वरून पाणी शिंपडा. माल कालवायची कटकट नाही. हे काँक्रीट टिकेल का? याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकी अभियंत्याच्या कामात आहे.

कोण होते अब्रम्स?

डफ अब्रम्स यांचा जन्म १८८० मध्ये इलिनॉय राज्यात झाला. इलिनॉय विद्यापीठातून १९०५ मध्ये पदवी घेऊन ते तिथल्याच प्रयोगशाळेत रुजू झाले. काँक्रीट लोखंडी सळईला किती घट्ट धरते, यावरील त्यांचा अहवाल १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी ते शिकागोच्या लुईस इन्स्टिट्यूटमध्ये आले. तेव्हा काँक्रीटचा माल बहुतांशी ठरावीक प्रमाणावर आणि अंदाजावर बनत असे. सिमेंट, वाळू, खडी मोजली जाई. पाणी मात्र गवंड्याच्या नजरेवर.

त्यांनी काय शोधले?

अब्रम्स आणि सहकाऱ्यांनी सुमारे ५० हजार चाचण्या केल्या. १९१८ मध्ये निष्कर्ष आला : साहित्य तेच असेल, तर काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर ठरते. फ्रान्सच्या रेने फेरे यांनी आधीच या दिशेने काम केले होते. अब्रम्स यांनी साइटवर वापरता येईल असा सोपा नियम दिला.

५० किलोच्या गोणीला २५ लिटर पाणी म्हणजे प्रमाण ०.५. तेच पाणी ३५ लिटर झाले, तर अब्रम्स यांच्या मूळ सूत्रानुसार ताकद ४० टक्क्यांहून अधिक घटते. जास्तीचे पाणी उडून जाते आणि मागे बारीक छिद्रे उरतात. माल किती पातळ झाला, हे पाहण्यासाठी साइटवर ३०० मिमी उंचीचा पत्र्याचा शंकू भरून उचलतात. तो आजही ‘अब्रम्स कोन’ म्हणून ओळखला जातो.

मग कमी पाण्याचे ड्राय पोअर अधिक मजबूत का नाही?

इथेच गफलत होते. अब्रम्स यांच्या नियमाला एक अट आहे : माल नीट कालवलेला आणि दाबून बसवता येईल इतका ओला हवा. ड्राय पोअरमध्ये पाणी मोजून मिसळतच नाही. वरचा थर लवकर आवळतो. खाली कुठे जास्त पाणी पोहोचते, कुठे सिमेंट कोरडेच राहते. दाबाई न झाल्याने पोकळ्याही उरतात. एकाच चौथऱ्यात ताकद ठिकठिकाणी वेगळी होते आणि ती आधी सांगता येत नाही.

घरी काय करावे?

बागेतली पायवाट किंवा कुंड्यांचा ओटा, इतपत ड्राय पोअर चालेल. बिघडले तरी फार तर तडा जाईल. स्लॅब, बीम, कॉलम, जिना किंवा पाण्याच्या टाकीचा ओटा यांसाठी ते वापरू नये. तिथे माणसांच्या जिवाचा प्रश्न असतो.

दुचाकीच्या चौथऱ्यालाही माल कालवूनच घ्यावा. पाणी बादलीने मोजावे, वाळू ओली असेल तर थोडे कमी घ्यावे. माल धुम्मसाने ठोकून बसवावा. पीपीसी सिमेंट असेल तर किमान १० दिवस बारदान ओले ठेवावे. कोरडे सिमेंट हाताळताना मास्क आणि हातमोजे विसरू नयेत.

अब्रम्स पुढे अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटचे अध्यक्ष झाले. १९६५ मध्ये त्यांचे निधन झाले. हिंजवडीतल्या टॉवरच्या साइटवर मिक्सर रिकामा करण्याआधी आजही त्यांचा शंकू भरला जातो. घरच्या चौथऱ्याला शंकू नसला तरी मापाची बादली प्रत्येकाकडे असते.