रँग्लर विष्णू वासुदेव नारळीकर : बदलत्या दृश्यामागील अविचलाचा शोध

ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांचे नाव नांदेड-लातूरच्या शाळकरी मुलांनाही परिचित आहे. दि. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा गावोगावच्या विज्ञानप्रेमींनी हळहळ व्यक्त केली. परंतु त्यांचे पिताश्री प्रा. विष्णू वासुदेव नारळीकर हे सापेक्षता सिद्धांताचा अभ्यास या देशात रुजविणाऱ्या आद्य आचार्यांपैकी एक होते, ही गोष्ट नव्या पिढीला फारशी ठाऊक नाही. त्या ज्ञानतपस्व्याच्या जीवनकार्याचा हा अल्प परिचय.

नारळीकरांचा जन्म २६ सप्टेंबर १९०८ रोजी कोल्हापूर येथे झाला. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९२८ साली ते पदवीधर झाले आणि उच्च शिक्षणासाठी केंब्रिजला गेले. तेथील गणिताची कठीण ट्रायपॉस परीक्षा त्यांनी १९३० मध्ये विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण केली व ते रँग्लर झाले. खगोलशास्त्रासाठीचे टायसन पदक आणि पुढे रॅले पारितोषिकही त्यांनी मिळविले. १९१९ च्या सूर्यग्रहणात ताऱ्यांचा प्रकाश वाकतो हे दाखवून आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताला पुष्टी देणारे एडिंग्टन त्या वेळी केंब्रिजमध्ये होते. त्यांच्या सान्निध्यात या तरुणाचे मन सापेक्षतेच्या अभ्यासात रमले.

या सिद्धांताचा उगम विजेच्या आणि चुंबकाच्या एका साध्या कोड्यात आहे. आपल्या परळीच्या औष्णिक केंद्रातील जनित्रात चुंबक फिरतो आणि तारेची वेटोळी स्थिर असतात. शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षक चुंबक टेबलावर ठेवून तारेचे वेटोळे हलवितात. दोन्ही ठिकाणी वीज निर्माण होते. मात्र जुने शास्त्र या एकाच घटनेची दोन निराळी कारणे सांगत असे. तार हलली तर चुंबकीय क्षेत्र तारेतील विद्युत्कणांना ढकलते. चुंबक हलला तर त्याच्या भोवती विद्युतक्षेत्र उत्पन्न होते आणि ते कणांना ढकलते. वेग तोच असेल तर विजेचा प्रवाहही तेवढाच. परिणाम एक आणि कारणे दोन, हे कसे? १९०५ साली आइन्स्टाइन यांनी आपल्या प्रसिद्ध निबंधाचा आरंभ याच प्रश्नाने केला.

उत्तर असे की, विद्युतक्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र या दोन स्वतंत्र वस्तू नव्हेत; एकाच वस्तूची ती दोन अंगे होत. विद्युत्भारित गोळा आपल्यासमोर स्थिर ठेवला तर आपल्याला केवळ विद्युतक्षेत्र आढळते. त्याच गोळ्याजवळून रेल्वेगाडीने जाणाऱ्या प्रवाशाला तो गोळा मागे धावताना दिसतो. धावता विद्युत्भार म्हणजेच प्रवाह. म्हणून त्या प्रवाशाच्या उपकरणाला सूक्ष्म असे चुंबकीय क्षेत्रही आढळेल. दोघांपैकी कोणीही चुकलेला नाही. ज्याची त्याची संदर्भचौकट वेगळी आहे, एवढेच. आणि हा केवळ विद्वानांचा बुद्धिविलास नाही. तारेतील इलेक्ट्रॉनांचा ओघ मुंगीच्या चालीहूनही मंद सरकतो. पण त्यांची संख्या एवढी अफाट असते की, त्या मंद गतीतून उपजलेले चुंबकत्व आपल्या विहिरीवरचा वीजपंप चालविते.

लातूर जिल्ह्याला याचे एक दुःखद स्मरणही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात धरणीकंप झाला आणि हजारो जीव गाडले गेले. असा कंप टिपणाऱ्या विद्युतचुंबकीय भूकंपमापकात एक जड वस्तुमान स्प्रिंगने टांगलेले असते. जमीन हादरते, पण ते वस्तुमान आपल्या जडत्वामुळे क्षणभर जागीच राहते. चुंबक आणि वेटोळे यांपैकी एक जमिनीबरोबर हलते व दुसरे मागे राहते. त्या परस्पर गतीतून वीज उत्पन्न होऊन कंपाची नोंद होते. जी धरणी आपण अचल मानतो तीच हलली, आणि तिचे हलणे कळले ते दुसऱ्या वस्तूच्या अपेक्षेने! कोण हलले याहून परस्परांच्या सापेक्ष किती हलले, हेच यंत्राला महत्त्वाचे.

असे हे शास्त्र घेऊन नारळीकर परतले ते थेट काशीला. पंडित मदनमोहन मालवीय यांनी त्यांना बनारस हिंदू विश्वविद्यालयात पाचारण केले आणि १९३२ साली, वयाची पंचविशीही गाठली नसताना, ते गणित विभागाचे प्रमुख झाले. परदेशात संशोधनाची दालने खुली असताना त्यांनी मायदेशी अध्यापन पत्करले आणि काशीत सापेक्षतेची एक परंपराच उभी केली.

१९४२ साली गुजरातचे तरुण शिक्षक प्र. चु. वैद्य आपले बिऱ्हाड घेऊन काशीला आले व सुमारे दहा महिने नारळीकरांजवळ राहिले. श्वार्त्सशिल्ड यांनी १९१६ मध्ये ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचे जे गणित मांडले होते, त्यात तारा प्रकाश टाकतो याचा विचार नव्हता. तळपणाऱ्या ताऱ्याचे गणित कसे मांडावे, हा प्रश्न गुरूंनी शिष्यापुढे ठेवला. वैद्यांनी तो सोडविला आणि १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेले ते उत्तर आज जगभर वैद्यांच्या नावाने ओळखले जाते. त्यातही एक मर्म आहे : ताऱ्याच्या प्रकाशाची घनता किती मोजली जाईल, हे मोजणाऱ्याच्या गतीवर अवलंबून असते.

मग सर्वच सापेक्ष असेल, तर सत्य म्हणून काय उरते? नारळीकरांच्या कार्याचे मोठेपण या प्रश्नापाशी कळते. विद्युतक्षेत्र व चुंबकीय क्षेत्र निरीक्षकागणिक बदलतात. परंतु दोहोंच्या वर्गांतील योग्य एककांत काढलेला फरक सर्वांना सारखाच येतो. म्हणून एका निरीक्षकाला जे क्षेत्र निव्वळ विद्युतक्षेत्र भासते, ते दुसऱ्या कोणालाही निव्वळ चुंबकीय भासणे शक्य नाही. विद्युत्भाराचे प्रमाणही कोणाच्या गतीने बदलत नाही. गुरुत्वाकर्षणाच्या प्रांतात हा प्रश्न अधिक बिकट होतो, कारण तेथे कोणतीही मोजपट्टी निवडण्याची मुभा असते. समीकरणातील एखादी गोष्ट खरी की निवडलेल्या मोजपट्टीची किमया, हे ओळखणे अवघड. १९४० च्या दशकाच्या अखेरीस नारळीकरांनी के. आर. करमरकर यांच्यासमवेत अवकाश-काळाच्या वक्रतेतून निघणाऱ्या, कोणत्याही चौकटीत न बदलणाऱ्या चौदा राशींचा संच मांडला. बदलत्या दृश्यामागील अविचलाचा हा शोध होता.

काशीतील त्यांचे घरही एक विद्यापीठच होते. पत्नी सुमतीबाई संस्कृतच्या विदुषी होत्या. घराच्या भिंतीवर फळे बसविलेले असत आणि शिक्षणासाठी तेथे राहिलेले मोरूमामा त्यांवर बाल जयंतासाठी अवघड गणिते लिहून ठेवीत. जे टायसन पदक पित्याने मिळविले होते, तेच १९६० मध्ये पुत्राने मिळविले. घरातील संस्काराचे याहून सुंदर फळ कोणते?

त्याच वर्षी काशी सोडून नारळीकर राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष म्हणून अजमेरला गेले. १९६६ ते १९७३ या काळात पुणे विद्यापीठात त्यांनी लोकमान्य टिळक प्राध्यापकपद भूषविले. १९६९ साली देशातील सापेक्षतेच्या अभ्यासकांची संघटना स्थापन झाली, तेव्हा पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले. १९९१ मध्ये त्यांनी इहलोकीचा निरोप घेतला.

अनेकान्ताचे संस्कार लाभलेल्या आपल्या समाजाला हे चरित्र जवळचे वाटेल, ते स्वाभाविक आहे. शास्त्रवचनांना भौतिकविज्ञानाच्या प्रमाणपत्राची गरज नाही. आणि प्राचीन आचार्यांनी विजेची समीकरणे लिहिली होती, असे म्हणणेही उचित नव्हे. दोहोंचे विषय भिन्न आहेत. तरीही एक बोध दोन्हीकडे सारखा आहे. ‘स्यात्’ म्हणजे ‘काहीही चालेल’ असे नव्हे. अमुक अपेक्षेने हे विधान सत्य आहे, असे ते नेमकेपणाने सांगणे आहे. सापेक्षताही तसेच सांगते. आपण कोठून पाहतो ते आधी स्पष्ट करावे, दुसऱ्याच्या ठिकाणाहून काय दिसेल याचा हिशोब करावा आणि दोन्हींत जे बदलत नाही ते शोधावे. घरातील, समाजातील, संस्थेतील मतभेदांत आपण पहिली पायरीही अनेकदा विसरतो. समोरचा असत्य बोलतो, असे घाईने ठरवून मोकळे होतो.

मतभेदाच्या पलीकडे जाऊन अविचलाचा शोध घेणाऱ्या या थोर गणिततपस्व्याच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन!