पियानोच्या ८८ पट्ट्या आणि एक टॉर्पेडो

हॉलिवूडची तारका हेडी लामार १९४० साली संगीतकार जॉर्ज अँथाइलला भेटली, ती संगीतासाठी नव्हे, ग्रंथींविषयी विचारायला. अंतःस्रावी ग्रंथी हा अँथाइलचा छंद होता. त्यावर तो मासिकांत लेख लिही. छातीचा आकार ग्रंथींच्या उपायाने वाढवता येतो का, हा तिचा प्रश्न होता, असे त्याने आत्मचरित्रात नोंदवले आहे. पदवी नसलेल्या माणसाला असा सल्ला विचारणे तेव्हाही धोक्याचेच. पण बोलता बोलता विषय ग्रंथींवरून युद्धावर गेला.

हेडीचे मूळ नाव हेडविग किस्लर. जन्म व्हिएन्नाचा, १९१४चा, घराणे ज्यू वंशाचे. आई पियानोवादक, वडील बँकेत मोठ्या हुद्द्यावर. फिरायला जाताना ट्राम कशी चालते, छापखाना कसा चालतो, हे ते लेकीला समजावून सांगत. तिचे शास्त्राचे शिक्षण म्हणायचे तर एवढेच. १९३३ साली तिने फ्रिट्झ मांडल या शस्त्रास्त्र कारखानदाराशी लग्न केले. त्याच्या जेवणाच्या टेबलावर दारूगोळ्याचे सौदे चालत आणि ही शोभेची बाहुली होऊन ऐकत बसे. १९३७ साली ती त्या घरातून पळाली, लंडनमार्गे अमेरिकेत पोहोचली आणि १९३८च्या ‘अल्जिअर्स’ चित्रपटाने रातोरात प्रसिद्ध झाली.

सप्टेंबर १९४० मध्ये ‘सिटी ऑफ बनारस’ हे ब्रिटिश जहाज जर्मन पाणबुडीने बुडवले. बॉम्बहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी सरकारी योजनेतून कॅनडाला निघालेली ९० मुले त्यावर होती. त्यांतली ७७ दगावली. जहाजावरच्या खलाशांत हिंदी लस्करही बरेच होते. जर्मन पाणबुड्यांना आवर घालायचा तर अचूक टॉर्पेडो हवा, हे हेडीच्या मनाने घेतले.

अडचण अशी, की रेडिओने टॉर्पेडो वळवता येतो, पण शत्रूला ती वारंवारिता सापडली की तिच्यावर गोंगाट सोडून तो संदेश बुडवतो. हेडी आणि अँथाइल यांनी काढलेला तोडगा असा, की वारंवारिता स्थिर ठेवायचीच नाही. जहाजावरचा प्रेषक आणि टॉर्पेडोतला ग्राहक यांनी एकाच ठरलेल्या क्रमाने एका वारंवारितेवरून दुसरीवर उड्या मारायच्या. क्रम ठाऊक नसलेल्याच्या कानी फक्त तुटक खरखर पडणार. दोघांचा मेळ राखायला अँथाइलने आपोआप वाजणाऱ्या पियानोतली भोके पाडलेली कागदी गुंडाळी सुचवली. आराखड्यात वारंवारिताही ८८ होत्या, पियानोच्या पट्ट्यांइतक्या. ११ ऑगस्ट १९४२ रोजी पेटंट मिळाले. त्यावर तिचे नाव हेडी किस्लर मार्की असे आहे. मार्की हे दुसऱ्या नवऱ्याचे आडनाव. नौदलाने ही यंत्रणा फार अवजड ठरवून बाजूला ठेवली. हेडी मग युद्धरोखे विकायला गावोगाव फिरली. पेटंटची मुदत १९५९ साली संपली. तिला त्यातून एक पैसाही मिळाला नाही.

एकच संदेश अनेक वारंवारितांवर पसरवण्याच्या या पद्धतींना स्प्रेड स्पेक्ट्रम म्हणतात. त्या बराच काळ लष्कराच्या हाती राहिल्या. अमेरिकेतल्या हॅम रेडिओवाल्यांना, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून रेडिओ चालवणाऱ्यांना, त्यांची मुभा नव्हती. त्यामागे तर्क होता. हॅमचे जग उघडे असते. कोणीही कोणाचे ऐकावे आणि नियम मोडणारा त्यातूनच सापडावा. उड्या मारणारा संदेश ऐकणार कसा? १९८०च्या दशकात काही हौशींना खास परवानगीने प्रयोग करू दिले गेले आणि १९८६ पासून ४२० मेगाहर्ट्झच्या वर सर्वांना मुभा मिळाली. तीही जपून: पसरवण्याचा क्रम ठरवून दिलेलाच हवा, म्हणजे देखरेख करणाऱ्यांना तो उलगडता यावा. पुढे क्रमाचे बंधन सैल झाले. शक्तीची मर्यादा मात्र आधी १०० वॉट होती, ती आता १० वॉट आहे. इतरांना अडथळा आणायचा नाही, आपल्याला झाला तर सोसायचा. आणि मुख्य अट म्हणजे अर्थ लपवण्यासाठी ही पद्धत वापरायची नाही. लपण्यासाठी जन्मलेल्या कल्पनेला नागरी जगात प्रवेश मिळाला तो न लपण्याच्या अटीवर!

१९८५ साली तिथल्याच सरकारने मायक्रोवेव्ह ओव्हनच्या वारंवारितेसह काही पट्टे विनापरवाना स्प्रेड स्पेक्ट्रमसाठी खुले केले. ब्लूटूथ त्याच पट्ट्यात वाढले. त्याचे मूळ रूप ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० उड्या मारते. श्रवणयंत्र फोनशी बोलते, दंडावरचा सेन्सर रक्तशर्करेच्या अंदाजाचे आकडे पाठवतो, ते अशाच उड्यांच्या जोरावर. गजबजलेल्या वॉर्डातही ही उपकरणे सहसा एकमेकांच्या पायात येत नाहीत. तरी हेडीला वायफायची जननी म्हणणे अतिशयोक्तीचे आहे. वारंवारिता बदलण्याची कल्पना तिच्या आधीही मांडली गेली होती आणि आजचे वायफाय उड्या मारत नाही. तिचे श्रेय तेवढ्याने कमी होत नाही.

पडद्यावरचे दिवस सरल्यावर तिचे हाल झाले. न्यूयॉर्कचा डॉक्टर मॅक्स जेकबसन व्हिटॅमिनच्या नावाखाली अ‍ॅम्फेटामीन टोचत असे. त्याच्या नामांकित रुग्णांत तीही होती. या औषधाने झोप आणि भूक जाते, स्वभाव बिघडतो, सवय सुटत नाही. जेकबसनचा परवाना १९७५ साली रद्द झाला, अनेकांचे नुकसान होऊन गेल्यावर. चेहऱ्यावर पुन्हा पुन्हा केलेल्या शस्त्रक्रियांनीही तिला सुख दिले नाही. अखेरची वर्षे तिने फ्लोरिडात लोकांपासून दूर काढली. भेटायला ती नकार देई, फोनवर मात्र तासन् तास बोले.

१९९७ साली इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनने तिचा आणि अँथाइलचा गौरव केला. अँथाइल १९५९ सालीच वारला होता. हेडी गेली १९ जानेवारी २००० रोजी. तिच्या अस्थी मुलाने व्हिएन्नाजवळच्या रानात विसर्जित केल्या.