क्षणाचा वेग मोजणारे भास्कराचार्य

संकष्टीच्या रात्री अमरावतीत चंद्रोदय होतो, तेव्हा अकोल्याला अजून दोन-तीन मिनिटे थांबावे लागते. ही वेळ काढणे सोपे नाही. चंद्र तारकांमधून रोज सारखा सरकत नाही. एखाद्या दिवशी जेमतेम १२ अंश, तर एखाद्या दिवशी १५ अंश पुढे जातो. नुसती सरासरी धरली की वेळ चुकते. हे ओळखून भास्कराचार्यांनी त्यावर गणित मांडले.

त्यांचा जन्म १११४ चा. सह्याद्रीजवळचे विज्जडविड हे त्यांचे गाव आणि वडील महेश्वर हेच गुरू. ११५० मध्ये, ३६ व्या वर्षी, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. ‘लीलावती’ हा त्याचाच भाग. त्यातल्या ग्रहगणितात त्यांनी चंद्रासाठी तात्कालिक गती वापरायला सांगितली, म्हणजे दिवसभराची नव्हे, त्या क्षणाची गती.

चंद्राची दिशा कोनाने मोजतात. कोन किंचित बदलला की त्याची ज्या कोज्येच्या प्रमाणात बदलते, हा नियम त्यांनी वापरला. कॉलेजात आज यालाच विकलन म्हणतात. सरासरी स्थानापासूनचा फरक जिथे सर्वाधिक असतो, तिथे तो बदलण्याचा वेग शून्य होतो, हेही त्यांनी ओळखले. ताप शिगेला पोहोचला की क्षणभर ना चढतो ना उतरतो, तसेच हे. न्यूटन आणि लायब्निझ यांनी या विचाराचे सर्वसाधारण शास्त्र उभे केले, ते सुमारे ५०० वर्षांनी.

‘करणकुतूहल’ हा ग्रंथ त्यांनी ११८३ मध्ये, ६९ व्या वर्षी रचला. पुढे नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. त्याचा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. तो उजेडात आणणारे भाऊ दाजी लाड हे मुंबईचे डॉक्टर होते, याचा आम्हा डॉक्टरांना विशेष आनंद.

भास्कराचार्यांचा हा धडा संकष्टी करणाऱ्या मधुमेहींनी जरूर लक्षात ठेवावा. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर सायंकाळी ११० आली, तर आकडा चांगला दिसतो. पण तासाभरापूर्वी ती १८० असेल, तर ती वेगाने घसरते आहे. अशा वेळी थोड्या वेळाने पुन्हा तपासा. ७० च्या खाली गेली किंवा घाम, थरथर सुरू झाली, तर चंद्राची वाट पाहू नका, लगेच साखर खा. आणि उपवास धरण्याआधी औषधाचा डोस डॉक्टरांना विचारून घ्या.