छातीत दुखतंय, पण हार्ट अटॅकच आहे का? हे ओळखायला ईसीजी देणारे डॉ. आइंटहोवन

२९ सप्टेंबर हा जागतिक हृदय दिन. योगायोग असा की १९२७ मध्ये याच तारखेला विलेम आइंटहोवन यांचं निधन झालं. आपल्या ग्रामीण रुग्णालयात छातीला वायरी लावून कागदावर जी वरखाली रेघ काढतात, ती या माणसाची देणगी.

आइंटहोवन यांचा जन्म २१ मे १८६० रोजी जावा बेटावरच्या सेमारंग गावी झाला. तेव्हा तिथे डचांचं राज्य होतं. वडील डॉक्टर, पण ते लवकर गेले. आई सहा लेकरं घेऊन १८७० मध्ये हॉलंडला परतली. विलेम तिथेच डॉक्टर झाले आणि पंचविशीतच लायडन विद्यापीठात प्राध्यापक झाले.

हृदयाच्या ठोक्याबरोबर शरीरात बारीकशी वीज निर्माण होते. लंडनच्या ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ मध्ये तिची नोंद केली होती, पण रेघ स्पष्ट येत नव्हती. आइंटहोवन यांनी चांदीचा मुलामा दिलेला केसाहून बारीक धागा मोठ्या चुंबकात ताणून बसवला. विजेने धागा हलायचा आणि त्याची सावली फोटोवर उमटायची. यंत्राचं वजन सुमारे २७० किलो, चालवायला पाच माणसं! रुग्णाचे दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवत.

एवढं धूड दवाखान्यात नेणार कसं? म्हणून १९०५ मध्ये त्यांनी दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातल्या पेशंटची रेघ टेलिफोनच्या तारेवरून प्रयोगशाळेत आणली. आज गावातला ईसीजी फोनवरून शहरातल्या हृदयतज्ज्ञाकडे जातो, त्याची ही सुरुवात. १९२४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

अटॅकमध्ये रेघेचा एक भाग वर उचलला जातो, हे १९२० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरॉल्ड पार्डी यांनी दाखवलं. पण घोळही इथेच आहे. हृदयाच्या आवरणाला सूज असेल, जुन्या अटॅकची खूण राहिली असेल, तरी रेघ तशीच दिसू शकते. काही धडधाकट तरुणांचीही दिसते. वायर चुकीच्या जागी लागली तरी फसगत होते. अशा खोट्या इशाऱ्यावर रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं, तर विनाकारण रक्तस्रावाचा धोका. आणि खरा अटॅक गॅस समजून घरी पाठवला, तर जीवच जायचा. म्हणून डॉक्टर पुन्हा ईसीजी काढतात, रक्ताची ट्रोपोनिन तपासणी करतात, तज्ज्ञाला विचारतात. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी थांबायला सांगतात, ते उगाच नाही.

यात आपल्या हातात काय? जुना ईसीजी. नवी रेघ जुनीशी ताडून पाहिली की बदल आजचा की आधीपासूनचा, हे कळायला मदत होते. ईसीजीचा कागद कालांतराने फिका पडतो, म्हणून आजच घरातल्या वडीलधाऱ्यांच्या ईसीजीचा फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा.

मात्र छातीत दाब वाटला, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर फोटो शोधत बसू नका. लगेच १०८ ला फोन लावा. इशारा खरा की खोटा हे डॉक्टर ठरवतील. आपण फक्त वेळेत पोचायचं.