अंध मिल्टनचे सुनीत

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मिल्टनवर लिहावे याचे कुणाला नवल वाटेल. पण जॉन मिल्टन जन्मला तोच मुळी हिशेबाच्या घरात, ९ डिसेंबर १६०८ रोजी, लंडनच्या ब्रेड स्ट्रीटवर. वडील लोकांचे दस्तऐवज लिहून देत आणि पैसे व्याजाने लावून देत. त्या मिळकतीवर मुलगा केंब्रिजला एम. ए. झाला, नंतरही काही वर्षे नोकरीधंदा न करता घरी वाचत बसला आणि १६३८ मध्ये इटलीला गेला. सुनीत हा काव्यप्रकार मूळचा तिकडचाच. मिल्टनने काही सुनीते इटालियन भाषेतही लिहिली आहेत.

१६४९ मध्ये राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला आणि नव्या प्रजासत्ताकाचा परदेशांशी लॅटिनमधून होणारा पत्रव्यवहार मिल्टनकडे आला. दृष्टी अधू होत असतानाही त्याने लेखन थांबवले नाही. १६५२ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, तो पूर्ण अंध झाला होता.

या अंधत्वावरच त्याचे ते प्रसिद्ध सुनीत आहे. ओळी चौदा. प्रत्येकीत दहा उच्चार, म्हणजे एक हलका व एक आघाताचा अशा पाच जोड्या. आपण वृत्तात लघु-गुरू मोजतो, इंग्रजीत आघात मोजायचा. मराठी माध्यमातून आलेल्या मला हे बाकावर बोटे आपटल्याखेरीज उमगले नाही! पहिल्या आठ ओळींत दोनच यमके, क-ख-ख-क अशी दोनदा. उरलेल्या सहांत तीन नवी. शेक्सपिअरसारखी शेवटी जोडओळ नाही.

आरंभी बायबलातल्या एका हिशेबाचा आधार आहे. धन्याने दिलेली रक्कम व्यापारात न लावता जमिनीत पुरणाऱ्या नोकराला शेवटी बाहेरच्या अंधारात टाकले जाते. त्या रकमेचे नाव टॅलंट, आणि इंग्रजीत याच शब्दाचा दुसरा अर्थ प्रतिभा. मिल्टनला तर अंधार आधीच मिळाला होता. प्रतिभा पडून राहिली, आता हिशेब द्यायचा कसा, ही त्याची तक्रार. रिवाजाप्रमाणे कवितेचे वळण नवव्या ओळीला यावे. येथे ते आठवीच्या मध्यावरच येते; धीर मध्येच बोलू लागतो आणि तक्रारीला तिच्या हक्काच्या आठ ओळी पुऱ्या मिळत नाहीत. कुणी याला कवीने घेतलेली सूट म्हणेल. मला ती सूट वाटत नाही. कुरकूर तोंडाबाहेर पडण्याआधी अडवायची, तर तिची जागाच कमी करावी लागते.

पुढे ‘पॅरडाइज लॉस्ट’ हे महाकाव्य त्याने तोंडाने सांगून दुसऱ्यांकडून लिहवून घेतले. त्यात पाच आघात ठेवले, यमक मात्र सोडून दिले. १६६७ च्या करारानुसार त्याला पाच पौंड लगेच मिळाले आणि पहिल्या १३०० प्रती खपल्यावर आणखी पाच. अंधत्वावरचे सुनीत छापले गेले १६७३ मध्ये. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबरात, मिल्टन वारला.