देहूरोडला दिलेला शब्द

२५ डिसेंबर आला की पिंपरी, चिंचवड, चाकण, तळेगाव आणि मावळातल्या वस्त्यांमधून माणसे देहूरोडच्या विहाराकडे निघतात. १९५४ साली याच तारखेला बाबासाहेबांनी तिथे रंगूनहून आलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली, हे आपल्या कार्यकर्त्यांना पाठ आहे. पण त्याच कार्यक्रमात त्यांनी आणखी एक गोष्ट जाहीर केली होती, ती आपल्या भाषणांत फारशी येत नाही. बुद्धाची शिकवण सामान्य माणसाला समजेल अशा सोप्या भाषेत सांगणारे पुस्तक आपण लिहीत आहोत, त्याला वर्षभर लागेल आणि ते पूर्ण झाल्यावर आपण धम्म स्वीकारू, असे त्यांनी लोकांना सांगितले. ज्याच्या हातून देशाचे संविधान झाले, त्या माणसाने आपल्या धर्मांतराची वेळ एका सोप्या पुस्तकाशी बांधली होती.

आज हे आठवण्याचे कारण साधे आहे. संविधान सोप्या मराठीत लिहावे का, यावर आपल्यात वाद होतो. बाबासाहेबांच्या शब्दाला हात लावायचा नाही, असे काही जण म्हणतात. ही भीती खोटी नाही, कारण सोपे करण्याच्या नावाखाली अर्थ बदलणारे लोकही आहेत. पण खुद्द बाबासाहेबांनी आयुष्यभर काय केले, तेही बघायला हवे.

ते १४ एप्रिल १८९१ रोजी महूला जन्मले. वडील रामजी लष्करात सुभेदार आणि कबीरपंथी. कबीराचे दोहे आणि संतांचे अभंग घरात रोज कानावर पडत. मोठा विचार लहान शब्दांत कसा मावतो, हे त्या घरात कोणी शिकवावे लागत नव्हते. पुढे कोलंबिया, लंडन, अर्थशास्त्रातल्या पदव्या, बॅरिस्टरी, हे सगळे आपल्याला माहीत आहे. पण एवढे शिकलेला माणूस १९२० मध्ये मूकनायक आणि १९२७ मध्ये बहिष्कृत भारत काढतो, आणि ते मराठीत. वाचणारे थोडे आणि ऐकणारे जास्त, अशा समाजासाठी तो लिहीत होता.

त्या १९२७ सालीच महाडला जे घडले, ते मला आजच्या वादाच्या अगदी जवळचे वाटते. मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी घेऊन झाले होते. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली. बाबासाहेब मुंबईहून बोटीने दासगावला उतरून महाडला पोचले. २५ डिसेंबरला त्यांनी जमलेल्या शेतकऱ्यांना, गिरणीकामगारांना, पेन्शनीत निघालेल्या शिपायांना १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेची गोष्ट सांगितली. व्हर्सायला भरलेल्या त्या सभेने माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा काढला होता, तसेच काम आपल्या परिषदेला करायचे आहे, असा त्यांचा रोख होता. मग परिषदेने आपला जाहीरनामा मंजूर केला. जन्मतः सगळ्यांचा सामाजिक दर्जा सारखा असतो आणि तो मरेपर्यंत सारखाच राहतो. सत्ता लोकांकडून येते. कायदा हा कुणा एका वर्गाचा हुकूम नसतो, असा त्याचा आशय होता.

हे भाषांतर नव्हते. फ्रान्समध्ये समोर राजा आणि सरदार होते, महाडला समोर शास्त्र होते. म्हणून मजकूर फ्रेंचांचा, पण त्याचे टोक वळवलेले. त्याच रात्री गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृती जाळली गेली. आपण दरवर्षी दहनाचा दिवस पाळतो, पण त्या मांडवात हक्कांचा नवा मजकूरही मंजूर झाला होता, हे विसरतो.

गोलमेज परिषद आणि पुणे करार यांवर इथे भरपूर लिहून आले आहे, म्हणून थेट १९४२ कडे येतो. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाल्यावर त्यांच्या कारकिर्दीत १९४६ साली कारखाने कायदा दुरुस्त होऊन आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. त्याच वर्षी कारखान्यांच्या स्थायी आदेशांचा कायदा झाला. कामाच्या अटी, रजा, गैरवर्तन, शिक्षा हे सगळे मालकाने लिहून काढायचे आणि इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत प्रवेशद्वाराजवळ खास फलकावर लावायचे, अशी त्यात तरतूद होती. ज्याच्यावर नियम लागू, त्याला तो वाचता आला पाहिजे, हे तत्त्व त्यात होते. चाकण-म्हाळुंग्याच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या पोरांना हे कुणी सांगितलेले नसते.

मग संविधान. २९ ऑगस्ट १९४७ ला मसुदा समिती नेमली गेली. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा सभेत मांडताना त्यांना टीकेला उत्तर द्यावे लागले, की हा दस्तऐवज फार लांबलचक आहे आणि १९३५ च्या कायद्यातून बरेच उचलले आहे. त्यांनी ते लपवले नाही. संविधानिक नीती अजून आपल्या समाजात मुरलेली नाही, तेव्हा कारभाराचा तपशील कायदेमंडळावर सोडण्यात धोका आहे, असे त्यांनी मांडले. संविधान अवघड आहे याचे निम्मे कारण इथे सापडते. पळवाट राहू नये म्हणून ते तसे लिहिले गेले.

म्हणून सोपे करताना जपायला हवे. सतरावे कलम अस्पृश्यता पाळू नका असा उपदेश करत नाही. ती नष्ट झाली आहे असे सांगते आणि तिच्यातून कुणावर अपात्रता लादणे हा गुन्हा ठरवते. उपदेश केला की कलमाचे दात पडतात. बंधुतेसाठी सोपा शब्द शोधताना एका तरुणाने आमच्या बैठकीत भावकी सुचवला. सगळे हसले, पण नंतर तासभर चर्चा झाली. भावकी म्हणजे आपल्याच रक्ताचे, आपल्याच जातीचे. जिच्याविरुद्ध बंधुता हा शब्द आणला, तीच मागच्या दाराने आत आली असती.

हा शब्द १९४६ च्या उद्दिष्टांच्या ठरावात नव्हता. मसुदा समितीने तो उद्देशिकेत घातला. ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात बाबासाहेबांनी खुलासा केला, की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतली नसून बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहेत. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत ते देहूरोडला होते.

आणि प्रवर्धित, अधिनियमित, स्वतःप्रत हे शब्द? २६ नोव्हेंबरला उद्देशिका वाचताना इथेच जीभ अडखळते. ते बाबासाहेबांचे शब्द नाहीत, नंतर झालेल्या अधिकृत मराठी अनुवादाचे आहेत. कोर्टासाठी तो अनुवाद राहू द्या. वस्तीत बसून त्याचा अर्थ आपल्या बोलीत लिहिणे, मूळ मजकूर शेजारी ठेवून, यात कुणाचा अवमान आहे असे मला वाटत नाही.

देहूरोडला सांगितलेले एक वर्ष पुरले नाही. मधुमेह, पाय आणि डोळे साथ देत नव्हते. अखेर पुस्तक छापून येण्याची वाट न पाहता १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली. भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून त्रिसरण-पंचशील घेतल्यावर बाबासाहेबांनी लाखो लोकांकडून बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या, मराठीत, लहान वाक्यांत. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईलाही त्या आपल्या तोंडाने म्हणता आल्या.

५ डिसेंबरच्या रात्री दिल्लीत अलीपूर रोडच्या घरी ते त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेवरून पुन्हा एकदा हात फिरवत होते. सकाळी ते उठले नाहीत. पुस्तक १९५७ मध्ये निघाले, इंग्रजीत, पण एकेक मुद्द्याला आकडा घातलेल्या छोट्या वाक्यांत. मराठी अनुवाद नंतर आला. वर्षावासात आपल्या विहारांमध्ये तोच वाचला जातो, आणि वाचणाऱ्या बहुतेक बायका असतात.